कोरडे गृहस्थ

कुणी शेजाऱ्याच्या फ्लॅटवर जळतो, कुणी मेहुण्याच्या पगारावर. मी अकरा वर्षं एका माणसाच्या शर्टावर जळलो. शर्ट काही भारी नव्हता. पांढरा, सुती, पूर्ण बाह्यांचा, अंगापेक्षा एक माप मोठा, कॉलर धुऊन धुऊन मऊ पडलेली. पण मे महिन्यात सकाळी साडेदहा वाजता, नेरूळहून वाशी आणि वाशीहून सीवूड्स अशी बाईक फिरवून आलेल्या माणसाच्या अंगावर तो शर्ट कोरडा असायचा. काखेत कोरडा, पाठीवर कोरडा. नवी मुंबईतला मे ज्यानं काढला आहे त्याला यातला अन्याय वेगळा सांगायला नको.

रऊफभाई आणि मी एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतो. घरोघर जाऊन रक्त घेणं हे आमचं काम. सकाळी सहाला नेरूळच्या सेंटरवरून निघायचं, बाईकच्या मागे सँपलची थंड पेटी बांधायची आणि अकराच्या आत दहा-बारा घरं करून परत यायचं. पेशंट उपाशी, चहाला आसुसलेला, घड्याळाकडे बघत बसलेला. आपण उशीर केला तर तो चिडतो, लवकर गेलो तर आंघोळीला बसलेला असतो. त्यात खाडीवरची ती हवा, जी सकाळी सातलाच ओल्या गोधडीसारखी अंगावर येते.

आमच्या कामात बढती वगैरे फारशी नसते. मान असतो तो एकच. पेशंट ऑफिसात फोन करतो आणि नाव घेऊन सांगतो, "त्यांनाच पाठवा." ज्याचं नाव घेतलं जातं तो सकाळी ड्यूटीचा कागद जरा सावकाश हातात घेतो. मला माझं नाव तसं घेतलेलं ऐकायचं होतं. घेतलं जायचं ते रऊफभाईंचं.

माझा पहिला दिवस मला आठवतो. मी कोरेगावचा, साताऱ्याजवळचा. ऊन मला नवीन नव्हतं, उन्हाचं मला काही वाटत नाही अशी माझी समजूत होती. पहिली फेरी संपवून सेंटरवर आलो तेव्हा केसांतून, भुवयांतून, हनुवटीवरून पाणी गळत होतं. रऊफभाई कट्ट्यावर बसून पाव खात होते. पन्नाशीला टेकलेला उंच, सडपातळ माणूस, मेंदी लावलेली आखूड दाढी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "बाहेर पाऊस हाय काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या क्षणापासून मी त्यांना पाण्यात पाहायला लागलो.

त्यांचं गाव श्रीवर्धनकडचं, सुपारीच्या वाड्यांतलं. सारा जन्म मात्र बेलापूर-नेरूळच्या रस्त्यांवर गेलेला. बोलणं अर्धं किनाऱ्यावरचं, अर्धं इथलं. "टेन्शन घेतलं की घाम जास्त येतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकलं की मला टेन्शनही यायचं आणि घामही.

गाडी लावण्याची त्यांची एक पद्धत होती. आम्ही सगळे बिल्डिंगखाली पोचलो की दिसेल त्या सावलीत गाडी घुसवायचो. पंधरा-वीस मिनिटांनी खाली यावं तर सावली सरकलेली आणि काळी सीट तव्यासारखी तापलेली. रऊफभाई कधीकधी भर उन्हात गाडी लावायचे. मला पहिल्यांदा वाटलं, चला, हा माणूसही चुकतो. वीस मिनिटांनी त्यांची गाडी गार सावलीत उभी आणि माझी उन्हात. मला म्हणाले, "सावली आता कुठं हाय ते काय बघतोस? तू खाली येशील तेव्हा ती कुठं येनार ते बघ." नेरूळच्या कुठल्या सेक्टरात कुठलं झाड किती वाजता कुठल्या फुटपाथवर पडतं, हे त्यांना पाठ होतं. सिग्नलवर ते रेषेपर्यंत कधी जायचे नाहीत. मागेच, बसच्या किंवा टेम्पोच्या सावलीत थांबायचे. मागचे हॉर्न वाजवायचे, हे ढिम्म. "वारा फुकट मिळतो," ते म्हणायचे, "पन थांबलास की सगळा वसूल करतो."

शर्टाच्या बाह्यांची बटणं उघडी ठेवायचे, म्हणजे गाडी चालू असताना वारा मनगटातून शिरून काखेतून पाठीपर्यंत जायचा. हेल्मेटच्या आत पांढरी सुती टोपी, खिशात तशाच दोन कोरड्या टोप्या. हेल्मेट कधी गाडीला लटकवलेलं नाही, पेशंटच्या दाराशी सावलीत पालथं. सीटवर धुतलेला पंचा. या सगळ्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही, आणि त्यामुळेच जास्त राग यायचा. बढाई मारली असती तर निदान चार जणांत टिंगल करता आली असती.

लॅबनं आम्हाला गडद निळे टी-शर्ट दिले होते. ते कापड कशाचं होतं देव जाणे, आत शिरलेला घाम बाहेर पडायचं नाव घेत नसे. रऊफभाईंनी तो टी-शर्ट एकच दिवस घातला. दुसऱ्या दिवशी घडी घालून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा ज्यानं पसंत केला त्याला एक दिवस माझ्या मागं बसवा. दुपारपर्यंत तोच परत मागून घेईल." साहेबांनी त्यांना पांढऱ्या शर्टाची परवानगी दिली, वर ओळखपत्र लावायचं एवढीच अट. मी शेजारीच उभा होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं, "मलाही चालेल, साहेब." नाही उघडलं. अकरा वर्षं तो निळा टी-शर्ट घातला, आणि अकरा वर्षं बायको तो धुताना म्हणायची, "तुमच्या पाठीवर नुसतं मीठ पिकतंय हो. ते रऊफभाई बघा, कसे दिसतात." माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडून.

वैद्यबाई मूळच्या माझ्या पेशंट. सीवूड्सला पाचव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून दर पंधरवड्याला मंगळवारी तपासणी. त्यांची शीर केसासारखी बारीक. बाकीच्यांना दोन-दोनदा टोचावं लागायचं, मला एकदाच. मला वाटायचं, हे घर माझं पक्कं.

त्या मंगळवारी लिफ्ट बंद होती. मी पाच मजले चढून गेलो, बाईंच्या दंडाला पट्टा बांधला, शीर धरली, सुई आत गेली, रक्त ट्यूबमध्ये यायला लागलं, आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावरचा घामाचा थेंब टपकन त्यांच्या मनगटावर पडला. हात हलवता येत नाही, पुसता येत नाही. मी तसाच वाकलेलो. बाईंनी त्या थेंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जाधव, अजून एक येतोय."

खरंच येत होता.

पुढच्या सोमवारी ऑफिसात फोन आला. रिसेप्शनच्या मुलीनं तो सगळ्यांसमोर घेतला आणि आमच्याकडे वळून हसत सांगितलं, "वैद्य मॅडम म्हणतायत, तुमच्याकडे ते कोरडे गृहस्थ आहेत ना, त्यांना पाठवा."

बाईंना रऊफभाईंचं नावही माहीत नव्हतं. लिफ्टमध्ये कधीतरी पाहिलं असेल तेवढंच. ड्यूटीच्या कागदावर माझं नाव खोडलं गेलं आणि त्यांचं चढलं. रऊफभाई मला म्हणाले, "तुझं घर हाय, तू सांगशील तर मी नाय म्हनतो." आता यावर माणसानं काय करावं? मी म्हणालो, "जा की, मला काय!" आणि अंगाचा तिळपापड झाला तो झालाच.

मग मी उपायांच्या मागे लागलो. पावडर लावून पाहिली, तिचा काखेत चिखल झाला. तीन रुमाल ठेवले, तिन्ही आठ वाजेपर्यंत पिळून झाले. शेवटी गावाकडची आठवण झाली. आमच्याकडे उन्हात बाहेर पडताना ओलं उपरणं डोक्याला बांधतात, वारा लागला की थंडगार वाटतं. मी टॉवेल भिजवून गळ्याला गुंडाळला, वर बनियनही भिजवलं आणि निघालो. वाशीला पोचेपर्यंत माझी अवस्था भिजत घातलेल्या मटकीसारखी झाली. टॉवेल वाळेना, अंग थंड होईना, उलट आत वाफ कोंडली. सेंटरवर परतलो तेव्हा रऊफभाईंनी टॉवेलला बोट लावून पाहिलं. "तुमच्या साताऱ्याला हवा कोरडी. ती पानी पिते म्हनून गार लागतं. इथं हवाच ओली हाय, तिला अजून पानी पाजून काय करशील? इथं ओलं राहायचं नाय, वाळायचं."

कसं वाळायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारणं म्हणजे मान्य करणं.

एका वर्षी रोजे एप्रिलात आले. लाज वाटते सांगायला, पण मी त्या महिन्याची वाट पाहत होतो. मला वाटलं, पाण्याचा थेंब न घेता हा माणूस फेरी मारणार, आता तरी कोमेजेल. मी रोज त्यांच्या शर्टाकडे बघायचो, डॉक्टर जसा पेशंटकडे बघतो तसा. ते पेशंटला सांगायचे, "तुमी पन उपाशी, मी पन उपाशी, चला पटकन उरकू." गाडी जरा हळू चालवायचे, बोलणं कमी करायचे. शर्ट तसाच. चौथ्या-पाचव्या दिवशी मी सेंटरसमोरच्या गुऱ्हाळावर मुद्दाम त्यांच्यासमोर उसाचा रस मागवला, मोठा ग्लास, बर्फ घालून. ते कट्ट्यावर बसून बघत होते. मला म्हणाले, "लिंबू पिळायला सांग त्याला. सांगितल्याशिवाय पिळत नाय तो." अर्धा ग्लास मी तसाच परत दिला. इतकं हलकट वागूनही त्या माणसाला ढिम्म काही होत नाही, हे दुःख मी कुणाला सांगणार होतो?

आता जे सांगायचं आहे ते मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

वाशीला एपीएमसी मार्केटच्या मागे निकम नावाचं कुटुंब राहायचं. कांदा-बटाट्याचे व्यापारी, आमच्याच कोरेगावकडचे. थोरले निकम यकृतानं आजारी होते. वैद्यबाईंचं घर हातचं गेल्यावर मला नाव घेऊन बोलावणारं हे एकच घर उरलं होतं, तेही गाववाला म्हणून. त्यांची एक रक्ततपासणी अशी होती की रक्त काढल्याबरोबर ट्यूब बर्फात ठेवायची आणि बर्फातच लॅबला पोचवायची. वाटेत गरम झाली की आकडा खोटाच वर चढतो, आणि तो खरंच चढला तर पेशंटची शुद्ध हरपू शकते. त्यासाठी पेटीत बर्फाची वेगळी पिशवी असायची.

मे संपत आला होता. निकमांकडे दहा वाजता रक्त घेतलं, ट्यूब बर्फात खोचली आणि निघालो. मार्केटच्या गेटबाहेर कांद्याचा ट्रक आडवा बंद पडलेला. पुढे गाड्या, मागे गाड्या, फुटपाथवर हातगाड्या. डोक्यावर ऊन, खाली ट्रकच्या इंजिनाची धग, वाऱ्याची झुळूक नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कानात गुणगुण सुरू झाली, डोळ्यांपुढे काजवे आले. मी पेटी उघडली. दोन मिनिटं, असं स्वतःला सांगितलं. ट्यूब बाहेर काढून पेटीच्या कोपऱ्यात ठेवली, बर्फाची पिशवी हेल्मेटखाली मानेवर दाबली.

ते सुख मी अजून विसरलेलो नाही. बर्फ वितळून पाठीवरून ओघळत होता आणि मी डोळे मिटून बसलो होतो. ट्रक हलला तेव्हा पिशवीत नुसतं कोमट पाणी होतं. मी ट्यूब त्यात बुडवली आणि लॅबला आणून दिली.

रऊफभाई सेंटरवर होते. माझी पाठ ओलीच होती, ती रोजचीच. पण त्यांनी जवळून जाताना थांबून पाहिलं. "हा घाम नाय," ते म्हणाले. "घामाला मीठ असतं, कापड कडक होतं. हे साधं पानी हाय." मी म्हणालो, नळाखाली मान धरली होती.

दुपारी रिपोर्ट आला. आकडा तिप्पट. निकमांच्या डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळी हॉस्पिटलात भरती करा. थोरल्या निकमांचा मुलगा घाबरून सेंटरला फोन करून विचारत होता, की आकडा एवढा चढला म्हणजे बाबा शुद्धीवर राहतील ना. रऊफभाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे आले. फक्त एवढंच विचारलं, "बर्फ कुठं गेला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मॅडमना म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी लेखी ताकीद दिली आणि ताबडतोब सँपल परत घ्या म्हणाल्या. मी रऊफभाईंचे हात धरले. "तुम्ही जा ना. तुम्हाला मानतात लोक. तुम्ही समजावून सांगाल."

"मी गेलो तर ते माझे आभार मानतील," ते म्हणाले. "तू गेलास तर तुला शिव्या देतील. शिव्या तुझ्या हायत. मी कशाला घेऊ?"

चार वाजता मी गेलो. ते माझ्या पाठोपाठ त्यांच्या गाडीवर आले, पण वर आले नाहीत. निकमांच्या दाराशी हॉस्पिटलची बॅग भरून ठेवलेली होती, वर थर्मास आणि चादर. सोफ्यावर थोरले निकम चप्पल घालून तयार बसलेले, जावं लागणार हे मान्य करून टाकलेल्या माणसासारखे. मी उभ्या उभ्याच सांगितलं, चूक माझी आहे, बर्फ मी वापरला, रक्त परत द्यावं लागेल. मुलगा माझ्या अंगावर धावून आला. "गावचं म्हनून डोळं झाकून इश्वास टाकला आमी! बाप हाय त्यो माझा! तुला गारवा पायजे म्हनून आमी सगळ्यांनी दुपारपास्नं रडायचं?" थोरल्या निकमांनीच त्याला हातानं थांबवलं आणि दंड पुढे केला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवं सँपल बर्फात घालून खाली आलो. रऊफभाईंनी पेटी माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या गाडीला बांधली. पार्किंगमध्ये वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती. "बस," ते म्हणाले. "मी हे पोचवतो. तू दहा मिनटं हितं बसायचं. हेल्मेट खाली, बटनं उघडी, हात मांडीवर. मोबाइल नाय, बोलनं नाय. अंग वाळेपर्यंत उठायचं नाय. मी हर बिल्डिंगमध्ये हेच करतो."

म्हणजे एवढंच होतं. कुठलं औषध नाही, कुठली कातडी वेगळी नाही. हा माणूसही माझ्यासारखाच घामानं निथळायचा. फक्त प्रत्येक पेशंटच्या घरी तो दहा मिनिटं आधी पोचायचा आणि खाली पार्किंगमध्ये गप्प बसून वाळायचा. रोज दहा घरं म्हणजे शंभर मिनिटं. त्यासाठी तो पहाटे चारला उठायचा, सगळ्यांच्या आधी सेंटरवरून निघायचा, आणि वर जाताना प्रत्येकाला वाटायचं, याला घामच येत नाही.

सँपल व्यवस्थित निघालं, आकडा नेहमीचाच होता, थोरले निकम घरीच राहिले. पुन्हा त्यांनी मला बोलावलं नाही, ते योग्यच झालं. पण त्या खुर्चीवर बसलो असताना मला रऊफभाईंचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. ही गोष्ट जन्मजात असती तर मी माफ केली असती. देवानं दिलेल्यावर किती जळणार? पण ही त्यांनी मिळवलेली होती, रोज, आणि मलाही मिळवता आली असती. मी दुसऱ्या दिवसापासून चारचा गजर लावला. नऊ दिवस उठलो. दहाव्या दिवशी झोपलो. मग कधी पाच मिनिटं आधी पोचायचो, कधी तीन. अर्धा ओला, अर्धा सुका, असं माझं चाललं.

अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा रऊफभाईंनी श्रीवर्धनला परत जायचं ठरवलं. कंबर गेली होती, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. त्यांची घरं मला मिळणार होती. शेवटचे तीन दिवस ते माझ्या गाडीवर मागे बसून मला दारोदार घेऊन गेले, लग्नात नवऱ्याची ओळख करून देतात तसे. "हा आमचा जाधव. हात हलका हाय." लोक हो म्हणायचे आणि त्यांच्याकडेच बघत राहायचे.

शेवटचं घर वैद्यबाईंचं. त्या दिवशी आम्ही दोघांनी खाली पार्किंगमध्ये पुरी दहा मिनिटं काढली होती, मी कधी नव्हे तो खडखडीत कोरडा होतो. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "नाही. हे नकोत. मी रिक्षा करून सेंटरला येत जाईन."

"बाई," रऊफभाई म्हणाले, "खरं सांगू? तुमची शीर मला एका फटक्यात घावत नाय. दोनदा टोचायला लागतं. याला एकदाच लागतं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "गणित येतं मला. दोन चालतील."

माझा हात तोंडावरच गेला. आठ वर्षं ती बाई दुप्पट सुया टोचून घेत होती, पण माझा घाम तिला परवडत नव्हता.

रऊफभाई खुर्ची ओढून बसले, उघडी बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "जाधव, माझं घे. शुगर बघायचीच हाय. बाई, तुमी बघा आनि मग बोला."

मी पट्टा बांधला. त्यांचा दंड ताठ झाला होता, लाकडासारखा. मी वर पाहिलं. चेहरा पांढराफटक, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरला लावलेली. स्टाफच्या तपासणीच्या दिवशी हे दरवर्षी गावी का जायचे ते मला तेव्हा कळलं. आयुष्यभर लोकांना सुया टोचणारा हा माणूस स्वतः सुईला भीत होता. कपाळावर घाम आला, कानशिलावरून ओघळला, गळ्यात उतरला. शर्ट छातीला चिकटला. त्यांनी डोळे मिटले. मी सुई घातली, पहिल्याच खेपेला शीर लागली, ट्यूब भरली. "झालं," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण डोळे काही उघडले नाहीत.

बाई उठल्या. त्यांनी कोपऱ्यातला उभा पंखा ओढत आणला आणि रऊफभाईंच्या तोंडावर सोडला. आत जाऊन स्वच्छ नॅपकिन आणला, कोकम सरबत आणलं, ग्लास त्यांच्या हातात देऊन वर हात धरून ठेवला. "किती घाम आला हो तुम्हाला," असं त्या इतक्या मायेनं म्हणाल्या की मी हातात गरम ट्यूब घेऊन नुसता बघत उभा राहिलो. अकरा वर्षांत नवी मुंबईत मी केवढा घाम गाळला असेल. मला कुणी कागदाचा रुमालसुद्धा पुढे केला नव्हता.

मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हात पुढे केला. "घ्या, जाधव. पंखा मात्र त्यांच्याकडेच राहू दे."

मी एका टोचण्यात रक्त घेतलं. निघताना त्यांनी दाराशी थांबून सांगितलं, "पुढच्या खेपेला, मंगळवारी पावणेसातला. जाधव, तुम्हीच या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका."

मला हवं होतं ते मिळालं होतं. लिफ्टनं खाली येताना मी ते वाक्य मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. रऊफभाई शेजारी लिफ्टच्या भिंतीला टेकून उभे होते. खाली त्यांनी माझ्या गाडीवर बसायला नकार दिला, चक्कर येतेय म्हणाले, रिक्षाला हात केला. मी म्हणालो, "रऊफभाई, जरा बसा खुर्चीवर. वाळू द्या अंग."

"आता कुनाकडे वर जायचं हाय मला?" ते म्हणाले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि रिक्षात बसण्यासाठी वळले.

पाठीवर शर्ट गच्च भिजून चिकटला होता, आतल्या बनियनच्या पट्ट्या दिसत होत्या. माझी पाठ रोज अशीच असते, आणि ती बघून लिफ्टमध्ये लोक एक पाऊल मागे सरकतात. रिक्षावाला खाली उतरला, त्यानं त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन बघत होतो. खरं सांगतो, ओली पाठसुद्धा त्या माणसाला शोभत होती.